पुनरुत्थान आणि चितेचा अग्नि

ख्रिस्ती लोक परंपरेनें मृतांस पुरतात, जाळीत नाहींत. असें कां, म्हणून विचारिलें असतां पुष्कळांकडून उत्तर येतें कीं, शेवटच्या दिवशीं मृतांस थडग्यांतून उठावयाचें आहे, तेव्हां शरीर शाबूत नको काय? हें उत्तर परधर्मीयांसच नव्हे, कित्येक ख्रिस्ती बांधवांसही खरें वाटतें. आमच्या मतें त्यानें एका थोर श्रद्धेचा अर्थ फार उणा होतो.

पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे. पुनर्जन्मांत आत्मा एक देह सोडून दुसरा धरितो. पुनरुत्थानांत तोच मनुष्य, देहासह, ईश्वराच्या सामर्थ्यानें एकदांच व कायमचा उठतो. प्रेतांत पूर्वीचा प्राण परत येणें हेंही तें नव्हे. लाजरस उठला असें योहानाच्या शुभवर्तमानांत आहे, पण त्यास पुढें मरण होतेंच. येशूविषयींचें म्हणणें निराळें आहे: मरणाची सत्ता त्याजवर पुन्हा चालावयाची नाहीं. सन 55 च्या सुमारास पौलानें करिंथच्या मंडळीस जें पत्र धाडिलें, त्यांत त्यानें पेरलेल्या दाण्याचा दृष्टान्त दिला आहे. दाणा मातींत विरतो आणि रोप वर येतें. दोहोंचें नातें खरें, रूप मात्र एक नव्हे. दाणा डब्यांत जपून ठेविल्यानें पीक येईल असें कोणता शेतकरी म्हणेल?

सन 177 मध्यें आजच्या फ्रान्सांतील लियों शहरीं ख्रिस्ती हुतात्म्यांचीं प्रेतें जाळून राख ऱ्होन नदींत लोटण्यांत आली. यांना उठण्याची आशाच उरूं नये, हा मारणारांचा हेतु होता, असें इतिहासकार युसेबियस यानें जपून ठेविलेल्या वृत्तान्तांत आहे. राख वाहून गेली. आशा गेली नाहीं. ‘शरीर शाबूत नको काय’ म्हणणारा गृहस्थ नकळत त्या मारेकऱ्यांचाच तर्क चालवितो, हें त्याच्या ध्यानांत येत नसावें.

रोमच्या धर्मपीठानें 1886 सालीं दहनास मनाई केली, ती मुख्यतः युरोपांत कांहीं मंडळी श्रद्धेस धिक्कारण्यासाठींच दहनाचा पुरस्कार करीत होती म्हणून. 1963 सालीं ती मनाई उठली. 2016 सालीं दफनासच पसंती दाखवून राख विखुरण्यास बंदी सांगितली. दफनांत देहाविषयीं जो आदर आहे तो आम्ही तुच्छ मानीत नाहीं. ही श्रद्धा देहास पिंजरा म्हणत नाहीं, त्याचाही उद्धार मागते. आणि येशू स्वतः पुरला गेला होता. परंतु आदर निराळा आणि भीति निराळी.

मुंबईसारख्या शहरांत कबरस्तानांची जागा तोकडी आहे. कांहीं वर्षांनीं तेंच थडगें उघडून आंतील हाडें हलवावीं लागतात, आणि कायमच्या थडग्याचा खर्च गरिबास झेपत नाहीं. अशा स्थितींत एखाद्या विधवेनें पतीस विद्युतदाहिनीकडे नेलें, तर तिनें त्याचें पुनरुत्थान बुडविलें अशी कुजबुज करणें हा नुसता अडाणीपणा नव्हे, क्रूरपणा आहे. धर्मगुरूंनीं ईस्टरच्या प्रवचनांतच हें स्पष्ट सांगावें. ऐन अंत्ययात्रेच्या वेळीं तिला समजूत घालण्याचा प्रसंग येऊं देऊं नये.