हा माणूस करतो काय?

अंबडच्या अभ्यासिकेत पोरं इंग्रजी शब्द घोकतात. ‘स्टेड म्हणजे गंभीर, जुन्या वळणाचा. ग्रेव्ह म्हणजे गंभीर. सोबर म्हणजे गंभीर.’ मग कुठला कुठे वापरायचा? विचारलं की उत्तर तयार, ‘मॅडम, ऑप्शनमध्ये दिसला की ओळखू येतो.’

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. आता ओळखून भागणार नाही, लिहावं लागणार. तरी बाजारातल्या शब्दसंग्रहांत तेच दोन रकाने, शब्द आणि अर्थ.

मी ‘स्टेड’ शिकवते तेव्हा अर्थ सांगतच नाही. मोंढ्यातल्या अडतीवरचा जुना मुनीम वर्गात उभा करते. कॅल्क्युलेटर हाताशी असतो, पण बेरीज आधी बोटांवर होते, मग त्याच्यावर पडताळली जाते. पट्टीवर रक्कम आकड्यांत लिहिली की खाली अक्षरी लिहिणारच, मागे ट्रॅक्टरवाला कितीही ओरडो. सोयाबीनचा भाव पडला काय, चढला काय, आवाज तोच. लग्नाला वेळेआधी हजर. वरातीत नाचताना मात्र कुणी पाहिलेलं नाही.

एवढं सांगितलं की कुणीतरी म्हणतंच, ‘म्हणजे आमचे आबा!’ एकाने तर पुढे जोडलं, ‘आबांसंगं बाजारात जायचं म्हणजे लई बोअर होतं, मॅडम.’ झालं काम. या शब्दात आदर आहे आणि थोडा कंटाळाही आहे, हे त्याला कुठल्याही रकान्याने सांगितलं नसतं. ‘ग्रेव्ह’मध्ये तो कंटाळा नाही. आबांवर त्याने इंग्रजीत चार वाक्यं लिहिली. व्याकरण लंगडं, पण शब्द जागेवर.

ही युक्ती काही माझी नव्हे. आमच्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी ती वापरली आहे. ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं उघडून पाहा. मूर्ख म्हणजे अमुक, अशी व्याख्या देऊन ते थांबत नाहीत; तो काय काय करतो, ते एकामागून एक सांगत सुटतात. वाचताना शेजारीपाजारी डोळ्यांपुढे येतात. (कधी आपणही.)

‘हजारो शब्द, एवढा वेळ कुणाला?’ असं क्लासवाले म्हणतात. मग शब्द कमी करा. पाचशे पाठ करून एकही लिहिता येत नसेल, तर त्या पाठांतराची फी कशाला घ्यायची? शब्दसंग्रहाच्या पुढच्या आवृत्तीत एक तिसरा रकाना छापा, कोरा. वर फक्त एवढंच लिहा, ‘हा माणूस करतो काय?’ भरतील पोरं.