माथेरानकरांनो, विद्यापीठासाठी डोंगर उतरा!

कर्जत, खालापूर आणि माथेरानच्या पदवीधर बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी बहुतेकांच्या पदवीच्या कागदावर मुंबई विद्यापीठाचे नाव आहे. नोकरीच्या अर्जात ते लिहिले की आपला त्याच्याशी संबंध संपतो. तो संपू देऊ नका. विद्यापीठाच्या फोर्टमधल्या ग्रंथालयात दीडशे वर्षांचे ज्ञान साठले आहे. त्यावर चर्चगेटच्या विद्यार्थ्याचा जेवढा हक्क, तेवढाच नेरळच्या आणि चौकच्या मुलांचाही आहे. आणि हक्क आहे म्हणूनच ते जपण्याची जबाबदारीही आपल्यावर आहे.

माथेरान आणि हे विद्यापीठ एकाच काळाने घडवले. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली चौकहून हा डोंगर चढले. ठाकर, धनगर, कातकरी इथे त्याआधी पिढ्यान् पिढ्या वावरत होते. मॅलेटसाहेबांमुळे सरकारचे लक्ष इकडे वळले इतकेच. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी माथेरानच्या वाढीला चालना दिली. १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले कुलपतीही तेच होते.

सुरुवातीला हे विद्यापीठ फक्त परीक्षा घेई आणि पदव्या देई. १८६२ साली बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. मग इमारती उभ्या राहिल्या. पदवीदान सभागृह १८७४ साली पूर्ण झाले, ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर १८७८ साली. आराखडे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आईच्या नावाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले प्रेमचंद रायचंद यांनी. १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या हातून समाजशास्त्र विभाग सुरू झाला आणि पुढे गो. स. घुर्ये यांनी तो देशभर नावारूपाला आणला. माथेरानात जन्मलेले हुतात्मा भाई कोतवाल वकील होते. त्यांच्या पिढीला मुंबई इलाख्यात वकिलीची पदवी देणारे विद्यापीठ हेच.

याच परंपरेतल्या माणसांनी आपला मुलूख अभ्यासला. न्यायमूर्ती एच. एम. बर्डवुड यांनी माथेरान-महाबळेश्वरच्या वनस्पतींची सविस्तर यादी केली. ते काही काळ या विद्यापीठाचे कुलगुरूही होते. जे. वाय. स्मिथ यांनी माथेरानची माणसे, झाडे आणि प्राणी यांवर लिहिलेले पुस्तक १८७१ साली निघाले. घुर्यांचा महादेव कोळ्यांवरचा ग्रंथ १९५७चा, ल. ना. चापेकरांचा सह्याद्रीतल्या ठाकरांवरचा १९६०चा. आपल्या डोंगरावर तेव्हा काय होते आणि आता काय उरले, हे याच कामांच्या आधाराने सांगता येते.

अशा कामांची गरज पुस्तकी नाही. ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान आणि परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. एखाद्या बांधकामाला हरकत घ्यायची तर 'इथे जंगल होते' एवढे तोंडी सांगून भागत नाही, कागद लागतो. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसे बेपत्ताच राहिली. आपल्या उतारांचा, मातीचा, पावसाचा आणि वाड्यांचा सतत अभ्यास व्हायला हवा, हे यापुढे आणखी कोणी पटवून द्यायला हवे का?

२०१८ साली मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. विद्यापीठाच्या इमारती त्यात आहेत. दगडाला मान मिळाला, याचा आनंद आहे. पण कागदाचे काय? मुंबईच्या दमट हवेत जुना कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो, त्याला कसर लागते. गो. वि. देवस्थळी यांनी ग्रंथालयातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची केली, ती १९४४ साली छापली गेली. असे चिकाटीचे काम एकदा करून संपत नाही. आणि जे कोणी वाचायला मागत नाही, त्याच्या जतनासाठी पैसाही कोणी मागत नाही. म्हणून मागणारे आपण झाले पाहिजे.

आपल्या मागण्या स्पष्ट असू द्या. ग्रंथालयातल्या कर्जत, खालापूर आणि माथेरानविषयीच्या साहित्याची स्वतंत्र सूची व्हावी आणि ते स्कॅन करून सर्वांना खुले करावे. रायगडमधल्या संलग्न महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना कॉलेजच्या ओळखपत्रावर फोर्ट आणि कालिना येथील वाचनकक्षांत बसता यावे. जतनासाठी दरवर्षी ठरावीक तरतूद व्हावी. आणि विद्यापीठाने डोंगरावर यावे: बर्डवुड यांची यादी हातात घेऊन विद्यार्थ्यांनी दर पावसाळ्यानंतर माथेरानची झाडे नव्याने नोंदवावीत, स्थानिक ठाकर जाणकारांना मानधन देऊन सोबत घ्यावे.

आपणही हात आखडता घेऊ नये. विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधर दहा प्रतिनिधी निवडून देतात. पुढची नोंदणी सुरू होईल तेव्हा आपल्या तालुक्यांतल्या प्रत्येक पदवीधराने नाव नोंदवावे आणि मत मागायला येणाऱ्याला ग्रंथालयासाठी काय करणार हे विचारावे. प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना फोर्टला न्यावे. नेरळहून लोकलने सुमारे दोन तास लागतात. ज्यांच्या घरी जुने फोटो, हॉटेलांच्या वह्या, घोडेवाल्यांच्या आणि हातरिक्षावाल्यांच्या नोंदी, मिनीट्रेनचे कागद असतील, त्यांनी ते रद्दीत न घालता स्कॅन करू द्यावेत. हॉटेलमालकांनो, व्यापाऱ्यांनो, १९०७ साली ही मिनीट्रेन धावू लागली ती पीरभॉय पितापुत्रांनी पदरचा पैसा घातला म्हणून. एका विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या अभ्यासाचा खर्च आपल्याला सहज पेलेल.

या महिन्यात प्रत्येक महाविद्यालयाने, प्रत्येक वाचनालयाने, माथेरान नगरपरिषदेने या मागण्यांचा ठराव करून कुलगुरूंना पाठवावा. सह्या आजच गोळा करायला लागा. विद्यापीठ मुंबईचे असेल, पण ते आपल्याशिवाय चालता कामा नये.