पिसवा मांजरावर थोड्या, घरात फार
मांजर सारखे खाजवू लागले की घरातले कुत्र्याचे औषध त्याच्या मानेवर ओतण्याचा मोह होतो. तो जिवावर बेततो. कुत्र्यांच्या अनेक औषधांत परमेथ्रिन असते आणि मांजराच्या यकृताला ते पुरेशा वेगाने निकामी करता येत नाही. अंग थरथरते, झटके येतात. उपचाराला उशीर झाला तर मांजर दगावते. औषध पशुवैद्यकाने वजन पाहून दिलेलेच हवे, आणि घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकाच वेळी, ज्याचे त्याला. अंगावरच्या पिसवा मोजक्याच. अंडी गळून सतरंजीत, गादीच्या शिवणीत, फरशीच्या फटीत पडतात. कोशातली पिसू महिनोन्‌महिने दबा धरते. गावाहून परतलेल्यांच्या पायांना एकदम डसतात त्या याच, पावलांच्या हादऱ्याने जाग्या झालेल्या. म्हणून अंथरुणे गरम पाण्यात धुवावीत, कानाकोपरा व्हॅक्यूमने काढावा आणि औषध निदान तीन महिने थांबवू नये.