रेघ कोण आखतो?

फिलिपिन्स देशात बांगसामोरो हा मोरो मुसलमानांनी लढून मिळवलेला स्वायत्त प्रदेश आहे. २०१८ च्या कायद्यानं तिथं ८० जागांची संसद ठरली. ४० जागा पक्षांच्या, ३२ मतदारसंघांच्या, ८ राखीव. २०२४ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं सुलू प्रांत या प्रदेशातून बाहेर काढला. त्याच्या ७ जागा मोकळ्या झाल्या. मतदारसंघ नव्यानं पाडले, तेही २०२५ ला कोर्टानं रद्द केले. ऑक्टोबरची निवडणूक पुढं ढकलली.

याच प्रदेशातल्या डोंगरात तेडुराय आदिवासी राहतात. मतदारसंघ प्रांताप्रमाणे पडतात, आणि २०२२ ला त्यांच्या मागिंदानाओ प्रांताचेच दोन तुकडे झाले. उपी उत्तरेत गेलं, साउथ उपी दक्षिणेत. माणसं एक, मतं दोन ठिकाणी वाटली. मोरो नसलेल्या आदिवासींना राखीव जागा आहेत, पण ८० मध्ये फक्त २. तेवढ्यावर जमिनीचा प्रश्न कोण ऐकणार?

आपल्याकडं वेगळं काय होतं? गट-गणांचा मसुदा कचेरीच्या फळ्यावर लागतो, हरकतीची मुदत निघून जाते, आणि शेजारचा पाडा दुसऱ्या गणात गेला हे आपल्याला मतदानाच्या दिवशी कळतं. मग चिडून उपयोग काय? रेघ पडली तेव्हाच आपली ताकद अर्धी झाली.

म्हणून आम्ही सांगतो, मसुदा लागला की ग्रामसभेत वाचा. पाडे तुटत असतील तर ठराव करा, मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या. जंगलाची हद्द आपण चालून मोजली. ही हद्दपण आपणच बघायची.

जिंदाबाद!