‘साहेबांना पाठवून द्या!’

गेल्या पावसाळ्यात आमच्या पोर्चमधल्या शहाबादी फरशीवर एक काळा डाग दिसला. रुपयाएवढा. मी तो साबणाने घासून काढला आणि विसरून गेले. दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा डाग. आठवड्याभरात त्याची चांगली बशीएवढी झाली. ह्यांना दाखवला, तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, ‘‘जुनी गाडी आहे, गळणारच. आता विकूनच टाकू.’’

गाडी म्हणजे आमची मारुती ८००. २००८ ची. पंधरा वर्षं झाली तेव्हा २०२३ मध्ये रीतसर पासिंग करून घेतलेली. घरात आता दुसरी, मोठी गाडी आली आहे, ती ह्यांची. ही म्हातारी माझ्या वाट्याला आलेली. पण माझं निम्मं काम हिच्यावर चालतं. बचत गटाच्या बायकांना तपासणीसाठी सांगोल्याहून पंढरपूरला न्यायचं, कुणाची सोनोग्राफी, कुणाचं रक्त तपासायचं. एसटीच्या वेळा दवाखान्याच्या वेळेशी जुळतातच असं नाही. गाडी विकली तर ह्यांची एक जागा मोकळी होणार होती. माझं मात्र अख्खं काम बंद पडणार होतं.

म्हणून मी स्वतःच गॅरेजला गेले. तिथल्या माणसाने बॉनेट उघडलं, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘क्रँकचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. पंधरा हजार धरा.’’ मी विचारलं, ‘‘सील म्हणजे काय? कुठून गळतंय ते दाखवता का?’’ त्यावर तो हसून म्हणाला, ‘‘ताई, तुम्हाला नाही कळायचं. साहेबांना पाठवून द्या, त्यांना सांगतो.’’

खरं सांगते, राग आला. पण रागापेक्षा जास्त लाज वाटली. कारण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई. बारा वर्षं गाडी चालवते, पण बॉनेट एकदाही उघडलेलं नव्हतं. गाडीत ऑइल किती आहे हे पाहायची एक पट्टी असते, तिला डिपस्टिक म्हणतात, एवढंही मला ठाऊक नव्हतं. गंमत म्हणजे साहेबांनाही ठाऊक नव्हतं! पण त्यांना कुणी ‘मॅडमना पाठवून द्या’ म्हणत नाही.

मग बाजारपेठेमागच्या एका जुन्या मेस्त्रींकडे गेले. त्यांनी डाग पाहिला, गाडीखाली हात घातला आणि एवढंच म्हणाले, ‘‘ऑइल वरून खाली येतं, ताई. थेंब जिथे पडतो तिथे रोग नसतो. आधी इंजिन धुवू, मग बघू.’’

त्यांनी थंड इंजिन ब्रश आणि डिझेलने साफ केलं, कोरडं पुसलं आणि वारा लागू दिला. बरंच काम असल्यासारखं मी पाहत उभी. मग त्यांनी चक्क चेहऱ्याला लावायची पावडर मागवली! पट्टे सोडून संशयाच्या जागांवर ती हलकीच भुरभुरली आणि म्हणाले, ‘‘पंधरा किलोमीटर फिरवून आणा.’’ परत आल्यावर बॉनेट उघडलं, तर पांढऱ्या पावडरीतून एक काळी ओली रेघ खाली उतरलेली. तिच्या मागे मागे वर जात गेलो. इंजिनाच्या अगदी डोक्यावर जे झाकण असतं, त्याला टॅपेट कव्हर म्हणतात, त्याच्या मागच्या कोपऱ्यात ती सुरू झाली होती. तिथून ऑइल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत गिअरबॉक्सच्या जोडापर्यंत जात होतं आणि तिथून फरशीवर. खालून पाहणाऱ्याला क्रँकचं सील गेल्यासारखंच दिसणार.

झाकण उघडलं. त्याच्या कडेने रबराचं पॅकिंग होतं, ते लाकडासारखं कडक झालेलं. हाताने वाकवलं तर मोडलंच. मैत्रिणींनो, हे पाहिलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, ही तर कुकरची रिंग! वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ती कडक होते आणि कडेने वाफ जायला लागते. आपण नवी रिंग आणतो. रिंग गेली म्हणून कुकर भंगारात काढणारी बाई मी तरी पाहिली नाही.

कुकरचा दुसरा धडाही इथे लागू पडला. शिट्टीचं भोक तुंबलं की आतली वाफ भलतीकडून वाट काढते. इंजिनातही वायू बाहेर पडायला ब्रीदरची नळी असते. आमची नळी चिकट काजळीने जवळजवळ बंद झालेली. आतला दाब मग पॅकिंग आणि सिलांतून ऑइल ढकलतो. मेस्त्रींनी नळी साफ केली. ‘‘नुसतं पॅकिंग बदललं असतं, तर पुन्हा गळालं असतं,’’ म्हणाले. जुन्या रबराचे कण खरवडून, जागा पुसून नवं पॅकिंग बसवलं आणि बोल्ट थोडे थोडे करत सारखे आवळले. गळतंय म्हणून जोर लावून आवळलं, तर झाकण वाकतं आणि गळती वाढते.

खर्च किती आला? सामान आणि मजुरी मिळून साडेसहाशे रुपये. त्यानंतर तीन रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला. तिन्ही सकाळी कोरडा.

पहिला गॅरेजवाला लबाड होता, असं मी म्हणत नाही. कदाचित त्याने घाई केली असेल. क्रँकचं सील खरंच जातंही, आणि तेव्हा गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. माझी तक्रार वेगळी आहे. ‘दाखवा’ म्हटल्यावर दाखवायला हवं होतं. पैसे देणाऱ्या माणसाला एवढा हक्क आहे, मग तो माणूस साडीत का असेना.

पण हक्क मागायचा तर आपणही थोडं शिकायला हवं. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा घालून काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमीही नको आणि वर जाईल इतकं जास्तही नको. गाडीखाली पुठ्ठा ठेवून डागाचा रंग पाहा: काळपट तपकिरी ते इंजिन ऑइल, रंगीत पाण्यासारखं ते कूलंट, नुसतं पाणी असेल तर बहुधा एसीचं. ऑइल गरम सायलेन्सरच्या पाइपवर पडून धूर किंवा जळका वास येत असेल, तर चालढकल नको, आग लागू शकते. आणि डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला, तर ‘घर जवळच आहे’ म्हणू नका. तो दिवा ऑइलचा दाब पडल्यावर लागतो. तिथेच बाजूला थांबून इंजिन बंद करा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नका.

गॅरेजमध्येही तीन गोष्टी मागा: गळतीची जागा डोळ्यांनी दाखवा, खर्च आधी कागदावर लिहून द्या आणि बदललेला जुना भाग परत द्या. हे विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही.

मला या सगळ्यात एक गोष्ट सलत राहिली. तो डाग मी आठवडाभर रोज घासून काढत होते. डाग दिसू नये एवढंच पाहिलं, तो येतो कुठून हे विचारलं नाही. माझ्या गाडीतून दवाखान्यात येणाऱ्या बायकाही हेच करतात. चक्कर येते, अंगावरून जास्त जातं, पण ‘चालायचंच’ म्हणत वर्ष काढतात. डॉक्टरांसमोर बसल्यावरही बोलतो तो नवराच. गाडी असो की आपलं शरीर, पहिला थेंब दिसला की विचारायचं आणि आपल्या तोंडाने विचारायचं.

परवा आमच्या गटातल्या दोघी मुद्दाम गाडीजवळ आल्या. ‘‘ती पट्टी कुठली हो, दाखवा की.’’ मी बॉनेट उघडलं. साहेबही मागे येऊन उभे राहिले होते, बघायला!