पुलावर पहारा हवा

१५ जून २०२५ च्या रविवारी पुण्याजवळ कुंडमळा येथे इंद्रायणी नदीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. चार जणांचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले. पावसाळ्यातली नदी पाहायला आलेल्या पर्यटकांची पुलावर गर्दी होती. पूल धोकादायक असल्याची पाटी तिथे लावलेली होती.

"पाटी होती, तरी लोक गेलेच कशाला?" असे तेव्हा अनेकांनी विचारले. लोकांची चूक होतीच. पण माझ्या मते तेवढे म्हणून थांबता येणार नाही.

ड्रिलच्या तासाला आपण पाऊल जुळवायला शिकतो, पण पुलावर मात्र पाऊल मोडून चालायचे असते. १८३१ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळचा ब्रॉटन झुलता पूल सैनिकांच्या एका लयीत पडणाऱ्या पावलांनी हलू लागला आणि कोसळला. त्यानंतर ब्रिटिश सैन्यात पुलावर पाऊल मोडण्याचा हुकूम निघाला. हा हुकूम पाळला जातो, कारण तो देणारा माणूस दर वेळी पुलाजवळ उभा असतो. पाटीला मात्र कोणी थांबले की पुढे गेले, हे दिसत नाही.

मग जुने पूल सरसकट बंद करावेत का? मला तसे वाटत नाही. आपण पुलावर वर्षातून एकदा फोटो काढायला जातो. गावकऱ्यांसाठी तो शेताचा, शाळेचा, दवाखान्याचा रस्ता असतो. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. तपासणीत जो पूल धोकादायक ठरेल, तो पाटी लावून न सोडता दोन्ही टोकांना खरोखर बंद करावा आणि गावाला आधी दुसरी वाट द्यावी. जो जुना असूनही मजबूत आहे, तिथे पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी पहारा ठेवावा. दोन माणसे, एक दोरी आणि एका वेळी मोजकेच लोक. याला फार पैसा लागत नाही.

पालकांनाही एक विनंती. सुट्टीत आम्हाला नदीवर जरूर न्या. पण पुलावर गर्दी दिसली, तर अलीकडेच थांबू या. नदी काठावरूनही तेवढीच छान दिसते. आणि कॅडेट मित्रांनो, अशा वेळी घरच्यांना थांबवण्याचे काम आपले आहे. गणवेश अंगावर नसला तरीही.