वाढदिवस लेकराचा, ताप आईबापांचा

मुलाच्या वाढदिवसाचा ताण कसा कमी करावा, याविषयीचा उपदेश अलीकडे वर्तमानपत्रांच्या रंगीत पुरवण्यांतून वरचेवर वाचावयास मिळतो. दोन महिने आधी यादी करा, सभागृह वेळेवर राखून ठेवा, कामे वाटून द्या, सजावट जाणकाराकडे सोपवा आणि त्या दिवशी स्वतःसाठीही थोडा निवांतपणा ठेवा, असा त्याचा मथितार्थ. उपदेश करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु डोक्यावर धोंडा घेऊन निघालेल्या माणसाला तो कसा तोलावा, मान कशी ठेवावी, वाटेत कोठे टेकावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. हा धोंडा उचललास कशासाठी, असे मात्र कोणी विचारीत नाही. विचारणार तरी कसे? त्या पुरवणीच्या मागल्या पानावर सभागृहाची, केकची आणि खेळण्यांची जाहिरात असते.

पुण्या-मुंबईचे हे लोण सातारा-सांगलीकडे येऊन आता बराच काळ लोटला. चार वर्षांच्या बालकासाठी वातानुकूलित सभागृह, फुग्यांची कमान, दूरचित्रवाणीवरील एखाद्या पात्राची ‘थीम’, त्या थीमबरहुकूम केक, जादूगार, छायाचित्रकार आणि निघताना प्रत्येक पाहुण्या मुलाच्या हाती ‘रिटर्न गिफ्ट’, असा सारा सरंजाम साताऱ्यात पोवई नाक्याच्या परिसरात दिसतो आणि सांगलीत विश्रामबागेतही दिसतो. ज्याचा वाढदिवस, ते पोर बहुधा गर्दीने आणि कर्ण्यांच्या आवाजाने बावरून आईच्या पदराआड दडलेले असते. त्याला ओढून पुढे आणले जाते, त्याच्या हातात प्लास्टिकची सुरी दिली जाते आणि छायाचित्रकार ‘बाळा, इकडे बघ’ म्हणून ओरडत राहतो.

छोट्या शहरात या प्रकाराची धग अधिक लागते. महानगरात शेजारच्या दारामागे कोण राहते याचा पत्ता नसतो. बोलावले नाही तरी कोणी रुसत नाही. साताऱ्यात शाळेच्या रिक्षातील मुलाची आई बँकेतील सहकाऱ्याची भावजय निघते आणि सांगलीत वर्गातील मुलीचे आजोबा आपल्याच वडिलांचे जुने स्नेही असतात. वीस नावांची यादी तीन दिवसांत साठांवर जाते. त्यातच साताऱ्याकडील कितीतरी घरांतला कर्ता पुरुष नोकरीसाठी पुण्यात; तो शनिवारी रात्री येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. म्हणजे वाढदिवस बुधवारी असला तरी सोहळा रविवारी, आणि त्याची सारी जुळवाजुळव आठवडाभर एकट्या आईने करावयाची. तिची नोकरी, सासूबाईंची औषधे, मोठ्याची घटक चाचणी हे सारे सांभाळून केकवरचे नाव बरोबर आले की नाही हेही तिनेच पाहावयाचे. सोहळा पार पडला की घरी येऊन ती पहिला हिशेब खर्चाचा करते आणि दुसरा, कोणाला काय कमी पडले याचा. मूल रमले का, हा हिशेब करावयास त्राण उरत नाही.

या ताणाचे मूळ कामाच्या व्यापात नाही. मराठी घरे याहून मोठी कार्ये हसतखेळत पार पाडीत आली आहेत. गौरी-गणपतीला पंचवीस माणसांचा स्वयंपाक करणारी गृहिणी थकते, पण धास्तावत नाही. कारण गौरीपुढे तिला परीक्षा द्यावयाची नसते. वाढदिवसाच्या सभागृहात ती परीक्षेला बसलेली असते आणि परीक्षक असतात इतर आया. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे जादूगार होता, मग आपल्याकडे काय? त्यांनी डबा दिला, तर आपण निदान पाण्याची बाटली तरी द्यावयास हवी. ‘रिटर्न गिफ्ट’ हा शब्दच मुळी बोलका आहे. आलेल्या वस्तूची तत्काळ परतफेड करून टाकावयाची, म्हणजे कोणाचे कोणाकडे काही उरत नाही, जिव्हाळाही नाही.

गंमत अशी की या रोगावरचा उतारा याच समाजाने एकदा शोधून काढला होता. लग्नातील आहेराच्या देवघेवीने घरे कशी बेजार होत, कोणी काय दिले याच्या वह्या कशा जपून ठेवल्या जात, हे वडीलधाऱ्यांना विचारावे. पुढे लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ येऊ लागली आणि पाहता पाहता ती रूढ झाली. ज्या घरांनी थोरल्याच्या लग्नात ती ओळ अभिमानाने छापली, त्याच घरांत आज नातवाच्या वाढदिवसाला आहेर दुहेरी झाला आहे. तो घ्यावयाचाही आणि द्यावयाचाही!

केकचा येथे द्वेष करावयाचा नाही. परदेशी म्हणून एखादा पदार्थ निषिद्ध ठरवावयाचा, तर एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीतील बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंदसुद्धा समुद्रापलीकडचाच आहे. घरच्या घरी केक करून चार पैसे मिळवणाऱ्या भगिनी साताऱ्या-सांगलीत कमी नाहीत, त्यांच्या कष्टांना नावे कोण ठेवील? मेणबत्ती विझवणे आपल्या परंपरेत बसत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तथापि तेवढ्याने काम भागत नाही. कारण संस्कृतीप्रेमी घरांनी त्यावर जी तोड काढली, ती मूळ दुखण्याहून विलक्षण आहे. सभागृहातच एका बाजूला निरांजनाचे तबक आणि दुसऱ्या बाजूला तीन मजली केक! आधी औक्षण, मग फुगे. आईच्या यादीत सुपारी, अक्षता आणि पाट यांची भर पडली, वजा काहीच झाले नाही. संस्कृती ही थीमच्या शेजारी मांडावयाची आणखी एक सजावट झाली, तर तिचे रक्षण झाले असे म्हणता येईल काय?

त्या गाण्याचीही एक कथा आहे. वाढदिवसाला जगभर जे इंग्रजी गीत गायिले जाते, त्याची चाल अमेरिकेतील केंटकी प्रांतातील हिल भगिनींच्या बालवाडीसाठी रचलेल्या एका गाण्याची. ते 1893 साली प्रसिद्ध झाले. पुढे एका बड्या संगीत कंपनीने त्यावर हक्क सांगून चित्रपटांत वा जाहीर कार्यक्रमांत ते वापरणाऱ्यांकडून वर्षानुवर्षे पैसे वसूल केले. 2015 साली अमेरिकेच्या न्यायालयाने हा दावा फेटाळला आणि त्यानंतरच्या तडजोडीत कंपनीला 1 कोटी 40 लाख डॉलर मोजण्याचे कबूल करावे लागले. बालवाडीतील शिक्षिकांच्या निरागस स्वरांवर ज्या बाजाराने एवढे दिवस कर बसवला, तो साताऱ्यातल्या आईला मोकळी सोडील, ही अपेक्षा भाबडी म्हणावी लागेल.

आता आपल्याकडे या दिवसाविषयी काय सांगितले आहे ते पाहावे. धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत वाढदिवसाला ‘वर्धापन’ वा ‘अब्दपूर्ती’ म्हटले आहे. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी 1790 च्या सुमारास सिद्ध केलेला ‘धर्मसिंधु’ पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रात प्रमाण मानला गेला. त्यात हा विधी आला आहे. तिळांचे उटणे लावून स्नान, कुलदेवता, आईवडील आणि जन्मनक्षत्र यांना वंदन, मार्कंडेयाचे आणि अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य, परशुराम या सात चिरंजीवांचे स्मरण, षष्ठीदेवीला दहीभात आणि शेवटी तीळ व गूळ घातलेले ओंजळभर दूध. दूध, गूळ, तीळ! कृष्णाकाठच्या कोणत्या घरात यातले काय मिळावयाचे नाही? त्याहून मार्मिक आहे ती वर्ज्य गोष्टींची यादी. त्या दिवशी हिंसा नको, मांसाहार नको, दूरचा प्रवास नको आणि कलह नको. शास्त्रकारांनी वाढदिवसाच्या पथ्यात भांडण घातले आहे! सभागृहाचे उरलेले पैसे, उशिरा आलेला आचारी आणि माहेरच्यांना कमी बोलावले म्हणून झालेली धुसफूस यांत ज्या दांपत्याची वाढदिवसाची रात्र जाते, त्याने हे पथ्य तेवढे पाळले तरी पुष्कळ झाले.

हा दिवस तिथीचा. तिथी कधी मंगळवारी येते, कधी गुरुवारी. ती रविवारची वाट पाहत नाही आणि म्हणूनच तिच्याभोवती सभागृहवाल्याला बाजार मांडता येत नाही. संध्याकाळी दिवे लागले की पाटावर बसवून औक्षण करावे, आजीच्या हातचा शिरा वा खीर करावी, आळीतील चार पोरे आणि वर्गातले एकदोन मित्र बोलवावेत आणि अंगणात वा गच्चीवर त्यांना मनसोक्त खेळू द्यावे. त्या ओवाळणाऱ्यांत आजीला, ती विधवा असली तरी, पहिला मान द्यावा. शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे 2022 मध्ये विधवा प्रथांच्या विरोधात ग्रामसभेचा ठराव केला. ते गाव सांगलीपासून काही फार दूर नाही.

यावर एक प्रश्न हमखास येतो. मुलाचे मित्र विचारतात, तुझी पार्टी कोठे? त्याचा हिरमोड करावयाचा काय? दुसरा प्रश्न बहुधा वडिलांच्या तोंडी येत नाही, पण मनात असतो. आपल्याला लहानपणी काही मिळाले नाही, शाळेत गणवेशावरच दिवस गेला, निदान लेकराला तरी मिळू दे. या भावनेची थट्टा करू नये. दुष्काळी माणमधून वा जतमधून शिकून वर आलेल्या माणसाला आपल्या पोराच्या डोक्यावर फुग्यांची कमान पाहून जे समाधान वाटते, ते खरे असते. मात्र त्याच वर्गात सफाई कामगाराचा मुलगा असतो, विट्याच्या यंत्रमागावर राबणाऱ्याची मुलगी असते. ती बोलावण्याला येतात, हाती काय न्यावयाचे म्हणून घरी रडतात किंवा पोट दुखते असे सांगून येतच नाहीत. आणि आपल्या वाढदिवसाला कोणाला बोलावण्याचे तर त्यांच्या मनातही येत नाही. सामाजिक समरसतेवर भाषणे करणाऱ्या घरांनी आपल्या दिवाणखान्यातली ही फाळणी पाहिली आहे काय? पाटावरच्या औक्षणाला आणि वाटीभर शिऱ्याला त्या मुलीचे घरही परतीचे बोलावणे करू शकते. थीमच्या केकला करू शकत नाही.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, ती मोठ्यांचेच पाहतात. गल्लीतल्या ‘दादा’च्या वाढदिवसाचे फलक चौकाचौकांत लागतात, त्यावर शुभेच्छुकांचे पन्नास चेहरे असतात. तलवारीने केक कापल्याबद्दल महाराष्ट्रात ठिकठिकाणी गुन्हे नोंदवावे लागले. बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात 2011 साली जी जनहित याचिका दाखल झाली, ती साताऱ्याच्याच सुस्वराज्य फाउंडेशनची; 31 जानेवारी 2017 रोजी न्यायालयाने तिच्यावर सविस्तर निर्णय दिला. त्यानंतरही फलक लागतातच. असो.

या दोन जिल्ह्यांना मात्र वाढदिवसाचे एक वेगळे उदाहरण ठाऊक असावयास हवे. औंध संस्थानाचा औंध भाग आज साताऱ्यात आहे, तर आटपाडी आणि कुंडल सांगलीत. सूर्यनमस्काराचा ध्यास घेऊन तो शाळाशाळांत नेणारे त्याचे अधिपती श्रीमंत भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना 1938 साली सत्तर वर्षे पूर्ण झाली. राजाचा सत्तरावा वाढदिवस! हत्ती-घोडे, दरबार, नजराणे, रोषणाई यांना कोणी हरकत घेतली नसती. बाळासाहेबांनी त्या निमित्ताने राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवण्याची घोषणा केली आणि 21 जानेवारी 1939 रोजी तसा कायदाच अमलात आला. नजराणा घेण्याच्या दिवशी त्यांनी राज्य देऊन टाकले.

संघाच्या सहा उत्सवांत व्यक्तीचा जन्मदिवस म्हणून साजरा होणारा एकही दिवस नाही. वर्षप्रतिपदा ही डॉ. हेडगेवार यांची जन्मतिथी. त्या दिवशी आद्य सरसंघचालकांना प्रणाम होतो, तोही काही क्षणांचा. 1956 साली श्रीगुरुजींच्या एक्कावन्नाव्या वाढदिवसाचे निमित्त झाले, ते देशभर संपर्क करण्यासाठी आणि कार्यासाठी निधी जमवण्यासाठी. विजयादशमी 2025 ला शतक पूर्ण करणाऱ्या संघटनेने ‘पंच परिवर्तना’त कुटुंब प्रबोधनाला स्थान दिले आहे. त्यावरचे बौद्धिक ऐकून घरी परतणाऱ्या कार्यकर्त्याच्या खिशात कित्येकदा त्याच रविवारच्या सभागृहाची आगाऊ पावती असते. त्याचे समर्थनही ठरलेले असते: समाजात राहावयाचे तर चार लोकांसारखे वागावे लागते. ‘आहेर आणू नये’ ही ओळ ज्याने आपल्या आळीत प्रथम छापली, त्यालाही हेच चार लोक होते. त्यांतले दोन रुसलेही असतील. निमंत्रणाच्या संदेशात एवढेच लिहावयाचे आहे, की अमुक तिथीला सायंकाळी औक्षण आहे, मुलांना खेळावयास पाठवा, भेटवस्तू देऊ नका, परतभेट मिळणार नाही. तो संदेश साताऱ्याच्या गोडोलीत वा सांगलीच्या गावभागात पहिल्यांदा कोणाच्या घरून निघतो, एवढाच प्रश्न आहे.